एएफपी : रिपोर्टवरच्या एका ओळीचा मागोवा

बुलढाणा जिल्ह्यात खामगाव असो, मलकापूर, चिखली की मेहकर, रक्ततपासणीच्या रिपोर्टवर कधी कधी ‘अल्फा फिटोप्रोटीन’ अशी एक ओळ येते. डॉक्टर तिला नुसतं एएफपी म्हणतात. डावीकडे तपासणीचं नाव, पुढे आकडा, त्यापुढे ‘नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर’ आणि शेवटी निरोगी माणसात हा आकडा कितीपर्यंत असतो ती मर्यादा, बहुधा दहाच्या आसपास. गरोदर बाईच्या रिपोर्टवर ही ओळ असेल, तर डॉक्टर बाळाच्या पाठीच्या कण्याचा विचार करत असतात. सिऱ्होसिस झालेल्या, पोटात पाणी साठलेल्या माणसाच्या रिपोर्टवर असेल, तर त्यांना यकृतात कर्करोगाची गाठ धरल्याची शंका असते. पोटातलं बाळ आणि यकृतातली गाठ यांची चौकशी एकाच प्रथिनाकडे का करावी लागते, या प्रश्नापासून या ओळीचा माग काढायला हवा.

प्रत्येक पेशीत जवळपास सगळी जनुकं असतात, पण सगळी एकाच वेळी चालू नसतात. जनुक चालू झालं की त्याची नक्कल निघते आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार होतं. कुठलं जनुक किती चालू आहे, याला एक्स्प्रेशन म्हणतात. चौथ्या गुणसूत्रावर अल्ब्युमिनचं जनुक आहे आणि त्याच्या शेजारीच एएफपीचं. दोघं एकाच कुळातली. गर्भाच्या यकृतात एएफपीचं जनुक जोरात चालू असतं, इतकं की गर्भाच्या रक्तातलं ते एक मुख्य प्रथिन ठरतं. जन्मानंतर ते मंदावत जातं. साधारण पहिल्या वाढदिवसापर्यंत पातळी अगदी खाली येते आणि पुढे जन्मभर रक्ताचा भार अल्ब्युमिन वाहतं. यकृताच्या पेशीला कर्करोग झाला की अनेकदा ती आपलं प्रौढपण सोडते आणि बंद पडलेलं हे जनुक पुन्हा चालू होतं. म्हणजे रिपोर्टवरचा तो आकडा ही एका जनुकाच्या एक्स्प्रेशनची रक्तात उतरलेली नोंद आहे. यकृताच्या कर्करोगात हजारो जनुकं एकदम मोजायची तंत्रं आली त्याच्या कितीतरी आधी एकाच जनुकाची ही नोंद डॉक्टरांच्या हातात होती.

ती पहिल्यांदा सापडली मॉस्कोत. तिथल्या गमलेया संस्थेत लेव झिल्बर हे विषाणुशास्त्रज्ञ कर्करोगाचा अभ्यास करत. स्टालिनच्या काळात त्यांनी तीनदा अटक भोगली होती. त्यांच्या हाताखाली गॅरी अबेलेव्ह हे तरुण संशोधक उंदरांच्या यकृतातल्या गाठींवर काम करत होते. त्यांचं साधन अगदी साधं होतं. अगारचा पातळ, पारदर्शक थर पसरायचा, त्यात खळगे करायचे, एका खळग्यात प्रतिद्रव्य आणि दुसऱ्यात तपासायचा द्रव घालायचा. दोन्ही द्रव थरातून हळूहळू एकमेकांकडे सरकतात आणि ओळख पटली की जिथे भेटतात तिथे एक बारीक पांढरी रेष उमटते. उंदराच्या गाठीतल्या एका प्रथिनाने अशी रेष दिली. निरोगी प्रौढ उंदराच्या रक्ताने ती दिली नाही. नवजात पिल्लाच्या रक्ताने मात्र दिली. अबेलेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९६३मध्ये प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी अस्त्राखानमध्ये युरी तातारिनोव्ह यांनी यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या रक्तात माणसाचं तेच गर्भप्रथिन दाखवलं.

मला या शोधातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती नवजात पिल्लाचं रक्त तपासून पाहण्याची बुद्धी. फक्त कर्करोगाचंच असं एखादं द्रव्य सापडेल, या आशेवर त्या काळी जगभर शोध चालू होता. हाती लागलं ते शरीराचंच, जुनं, विसरलेलं द्रव्य. कर्करोग बाहेरून काही नवीन आणतोच असं नाही, तो आतलंच काही अवेळी चालू करतो, हे त्या पांढऱ्या रेषेने दाखवलं.

अगारच्या थराची एक अडचण होती. रक्तात हे प्रथिन काही हजार नॅनोग्रॅम असेल तरच रेष उमटायची, आणि तोवर गाठ बहुधा हाताला लागण्याइतकी वाढलेली असायची. १९७१मध्ये हेलसिंकीत एर्की रुओस्लाहती आणि मार्कू सेप्पाला यांनी किरणोत्सारी खुणेच्या मदतीने मोजण्याची पद्धत वापरली आणि हे प्रथिन निरोगी माणसाच्या रक्तातही अगदी थोडं असतं, हे कळलं. तपासणीचा अर्थच तिथे बदलला. ‘आहे की नाही’च्या जागी ‘किती’ आलं. किती म्हणजे काळजी, हा प्रश्न मागोमाग आला, आणि त्याचं उत्तर कुठल्याही यंत्रात नव्हतं. दोनशे आकडा असलेला माणूस दोन वर्षांनी कसा आहे आणि वीस असलेला कसा आहे, हे कुणीतरी जाऊन पाहिल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. रोगाच्या पुढच्या वाटचालीची खूण निम्मी प्रयोगशाळेत तयार होते आणि निम्मी रुग्णाच्या दारात. या दुसऱ्या निम्म्याचा इतिहास कमी सांगितला जातो, म्हणून मी तो इथे थोडा लांबवतो.

तैवानमध्ये अमेरिकन साथरोगतज्ज्ञ पामर बीस्ली यांनी २२,७०७ पुरुषांची नोंद ठेवली. त्यांतल्या ३,४५४ जणांच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू मुक्कामाला होता. हे पुरुष सरकारी नोकर होते, त्यांचा विमा होता, त्यामुळे कोण कशाने गेला याची नोंद हमखास मिळे. १९८१मध्ये हिशोब मांडला तेव्हा यकृताच्या कर्करोगाने गेलेल्या ४१ जणांपैकी ४० जण विषाणूवाहक निघाले. धोका दोनशेपटींहून अधिक. इतका ठसठशीत पुरावा कर्करोगाच्या इतिहासात क्वचित मिळतो आणि तो मिळाला विम्याच्या कागदांमुळे. १९८४मध्ये तैवानने बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे ही लस २००२मध्ये प्रायोगिक तत्त्वावर आली आणि २०११पर्यंत देशभरच्या लसीकरणात सामील झाली. म्हणजे आज पंचविशी-तिशीच्या पुढे असलेली आपली पिढी बहुतांशी त्या लसीशिवाय वाढली.

आपल्या मुलखातही कर्करोगाच्या संशोधनाची जुनी आणि अभिमानाची परंपरा आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४१पासून परळच्या टाटा रुग्णालयात प्रयोगशाळा उभी केली, पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र घडवलं. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्या केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा चालवली. अबेलेव्ह मॉस्कोत उंदरांवर काम करत होते त्याच काळात परळमध्येही उंदरांवर कर्करोगाचा अभ्यास चालला होता. पण दाराशी जाऊन नोंद ठेवण्याचं काम खेड्यापर्यंत न्यायला १९८७ उजाडलं. त्या वर्षी बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरात रुग्णालयाच्या दप्तरातून आकडे काढता येतात. खेड्यात बरेच रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत आणि मृत्यूचं कारण कागदावर येत नाही. म्हणून बार्शीचे कार्यकर्ते बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावागावांत गेले, लोकांशी बोलले, लक्षणं समजावून सांगितली, रुग्ण शोधले, गेलेल्यांची माहिती घेतली. जनुकांवरचे शोधनिबंध वाचताना मला बार्शीच्या या पायपिटीची आठवण येते, कारण तिच्याशिवाय त्या निबंधांतल्या खुणा आपल्या माणसांना लागू होतात की नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही.

अशी खूण म्हणजे एक भाकीतच, आणि बुलढाणा जिल्ह्याला भाकीत ही गोष्ट नवी नाही. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घटमांडणी होते. घटाभोवती धान्यं मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कुठलं धान्य हललं, कुठलं जागेवर राहिलं ते पाहून पिकापाण्याचा अंदाज सांगतात. तो ऐकून लोक घरी जातात, पण विषय तिथे संपत नाही. दिवाळीपर्यंत पारावर त्याचा ताळा चालू असतो, काय खरं ठरलं आणि काय नाही. वैद्यकातल्या भाकिताला हा ताळा कागदावर, नावनिशीवार आणि वर्षानुवर्षं ठेवावा लागतो, आणि तो जिथे ठेवला गेला तिथेच पुढचे शोध लागले.

टोकियोच्या तोरानोमोन रुग्णालयाची गोष्ट तशीच आहे. शस्त्रक्रियेत काढलेला यकृताचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवतात आणि मग मेणात बसवून त्याचा छोटा चौकोनी ठोकळा करतात. पॅथॉलॉजीचे लोक त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे अतिशय पातळ काप करून काचपट्टीवर पाहतात, निदान लिहितात आणि ब्लॉक कपाटात जातो. हे ब्लॉक दशकानुदशकं टिकतात, पण जनुकांच्या नकला फॉर्मेलिनमध्ये तुटून जातात, म्हणून असल्या जुन्या तुकड्यांतून एक्स्प्रेशन मोजता येणार नाही असाच समज होता. २००४मध्ये जु-सोग ली आणि स्नोरी थोरगेअरसन या संशोधकांनी गोठवून ठेवलेल्या ताज्या गाठींतली हजारो जनुकं एकदम मोजून रुग्णांचे दोन गट पाडले होते. एका गटाचं आयुष्य दुसऱ्यापेक्षा स्पष्ट कमी होतं. पण गोठवलेल्या गाठी थोड्या असतात आणि त्यांच्यामागचा काळही थोडा. युजिन होशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुटलेल्या नकलांतूनही वाचता येईल असं तंत्र वापरलं आणि तोरानोमोनच्या कपाटातले जुने ब्लॉक बाहेर काढले. काहींना वीस वर्षांहून जास्त काळ लोटला होता. त्या रुग्णांचं पुढे काय झालं, हे रुग्णालयाच्या नोंदीत लिहिलेलं होतं.

२००८मध्ये जे हाती आलं ते कुणाच्याच अपेक्षेत नसावं. गाठीतल्या जनुकांवरून रुग्ण किती जगेल हे नीट सांगता येईना. गाठीच्या आजूबाजूच्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या यकृतावरून मात्र ते सांगता आलं. त्या भोवतालच्या भागातली १८६ जनुकं मिळून एक ठसा बनला. ज्यांच्या यकृतात नेहमीचं काम करणारी जनुकं जोमात होती ती माणसं जास्त जगली, ज्यांच्यात दाहाची जनुकं पेटलेली होती ती कमी. ठसा ८२ जपानी रुग्णांवर घडवला आणि अमेरिका-युरोपातल्या २२५ रुग्णांवर पडताळला. लहान गाठ वेळेत काढली तरी काही वर्षांनी नवी गाठ का येते, याचं उत्तर त्यात मिळालं. दुखणं एका गाठीचं नव्हतं. सगळं यकृतच वर्षानुवर्षं दाहाने भाजून निघालेलं होतं आणि नवीन गाठीला जागा तयार होती.

दाह म्हटला की प्रतिकारशक्ती आलीच. यकृत हा या बाबतीत वेगळाच अवयव. आतड्यातून येणारं सगळं रक्त, अन्नाचे कण आणि जंतूंचे तुकडे घेऊन, आधी यकृतात येतं. प्रत्येक परक्या कणावर तुटून पडलं तर यकृत टिकणारच नाही, म्हणून तिथल्या प्रतिकारशक्तीला सबुरीची सवय असते. गाठ याच सबुरीचा फायदा घेते. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी गाठीत शिरतात, पण त्यांच्या अंगावरच्या पीडी-वन या खुंटीला पकडून गाठ त्यांना थांबवते. पीडी-वनचं जनुक १९९२मध्ये क्योतोत तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, आणि त्यातून निघालेल्या इम्युनोथेरपीच्या उपचारांसाठी त्यांना २०१८चं नोबेल मिळालं. २०१७मध्ये जोसेप लोवेट यांच्या गटाने शेकडो गाठींची एक्स्प्रेशन पाहून सांगितलं की साधारण चौथ्या हिश्श्याच्या गाठींत प्रतिकारपेशींची जनुकं ठळकपणे चालू असतात. त्यांतही काही ठिकाणी पेशी जाग्या, लढणाऱ्या, आणि काही ठिकाणी थकून गेलेल्या. बीटा-कॅटेनिनच्या जनुकात बिघाड असलेल्या गाठी मात्र बहुधा ओसाड, पेशी आत शिरतच नाहीत. २०२०मध्ये ५०१ रुग्णांच्या चाचणीत इम्युनोथेरपीचं औषध आणि रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं औषध एकत्र दिलं, तेव्हा वर्षभरानंतर ६७.२ टक्के रुग्ण हयात होते. जुन्या सोराफेनिब या गोळीवर ५४.६ टक्के. यकृताच्या पसरलेल्या कर्करोगात सोराफेनिबला मागे टाकणारं काही मिळायला बारा वर्षं गेली होती.

त्या सोराफेनिबच्या इतिहासात मुंबईचं एक पान आहे. ही गोळी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकली जाई. मार्च २०१२मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून देशातला पहिला सक्तीचा परवाना निघाला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीला तीच गोळी महिन्याला ८,८०० रुपयांत विकायला मुभा मिळाली. प्रकरण पुढे मुंबई उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात गेलं, परवाना टिकला. इम्युनोथेरपी आज आपल्याकडच्या शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून तिचा उपयोग कुणाला होईल आणि कुणाला होणार नाही, हे आधी कळणं ही आपल्यासाठी नुसती अभ्यासाची गोष्ट राहत नाही. शेत विकून आणलेला पैसा वाया जाईल की कामी येईल, हा त्यातला प्रश्न असतो.

गाठीतली जनुकं मोजायला बायोप्सी लागते, महागडी यंत्रं लागतात. म्हणून संशोधक पुन्हा रक्ताकडे आणि पुन्हा एएफपीकडे वळले. २०१९मध्ये रामुसिरुमॅब हे औषध ज्यांचं एएफपी ४०० किंवा जास्त आहे अशाच रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा ते उपयोगी ठरलं, जरी फायदा महिना-सव्वा महिन्याचाच होता. आधीच्या चाचणीत सरसकट सगळ्यांना दिलं तेव्हा ते नापास झालं होतं. मग २०२२मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियाच्या संशोधकांनी पुढाकार घेऊन इम्युनोथेरपी मिळालेल्या रुग्णांसाठी क्राफिटी नावाचा हिशोब मांडला. त्यात दोनच गोष्टी आहेत. एएफपी शंभर किंवा जास्त असेल तर एक गुण, आणि सीआरपी एक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त असेल तर एक. शून्य गुणांचे रुग्ण मध्यकानुसार २७.६ महिने जगले, एका गुणाचे ११.३, दोन गुणांचे ६.४. सीआरपी म्हणजे साध्या तापातही डॉक्टर लिहून देतात ती दाहाची तपासणी, आणि तेही प्रथिन यकृतच तयार करतं. एक जनुक गाठीची अवस्था सांगतं, दुसरं शरीरातल्या दाहाची. गाठ आणि टोकियोच्या १८६ जनुकांनी दाखवलेलं तिच्याभोवती पेटलेलं रान, या दोन धाग्यांची ही तालुक्याच्या लॅबला झेपणारी मोजणी.

एएफपीवर सगळा भरवसा टाकता येत नाही, हेही इथेच सांगायला हवं. सुमारे एक तृतीयांश गाठी ते वाढवतच नाहीत. हिपॅटायटिस उसळला की गाठ नसतानाही ते चढतं. म्हणून एकट्या आकड्यावर निदान करत नाहीत. सोनोग्राफी जोडीला लागतेच. शांघायमध्ये १९९०च्या दशकात हिपॅटायटिस झालेल्या १८,८१६ लोकांवर हे करून पाहिलं, निम्म्यांना दर सहा महिन्यांनी एएफपी आणि सोनोग्राफी, बाकीच्यांना नेहमीसारखं. तपासणीला सगळे आले नाहीत, हजेरी साठ टक्क्यांच्याही आत राहिली. तरी यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले.

बुलढाण्याच्या यकृतावर कशाकशाचा भार आहे? दारू आहे, हिपॅटायटिस बी आणि सी आहे, आणि आता मधुमेह आणि चरबीने सुजलेलं यकृतही आहे. या शेवटच्या प्रकारातल्या गाठी इम्युनोथेरपीला कमी दाद देत असाव्यात, असा इशारा २०२१मध्ये उंदरांवरच्या आणि रुग्णांवरच्या अभ्यासातून मिळाला. वाद संपलेला नाही, पण जिथे मधुमेह घरोघर वाढतो आहे तिथे या वादाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. आणखी एक भार शेतातून येतो. १९७४च्या पावसाळ्याअखेर राजस्थान-गुजरातच्या सीमेवर, बांसवाडा आणि पंचमहाल भागात, मका भिजला, त्यावर बुरशी आली, आणि तोच मका खाऊन भिल्ल वस्त्यांतली शंभराहून जास्त माणसं कावीळ होऊन, पोटात पाणी भरून गेली. बुरशीचं ते विष अफ्लाटॉक्सिन. ते थोडंथोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताच्या कर्करोगाचं कारण होतं आणि पी-५३ या जनुकात २४९ क्रमांकाच्या ठिकाणी आपली खूण सोडतं, हे १९९१मध्ये चीन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गाठींतून दिसलं. मोताळा-मलकापूरकडे मका मोठा होतो. काढणीच्या वेळी अवकाळी आला की कणसं खळ्यावर भिजतात. मका पूर्ण वाळवून साठवणं, काळी-हिरवी बुरशी धरलेला दाणा जनावरालाही न घालणं, याला कसली यंत्रं लागत नाहीत.

आज जिल्ह्यातला रुग्ण अकोल्याला, छत्रपती संभाजीनगरला, नागपूरला, नाहीतर शेगाव-मलकापूरहून गाडी पकडून मुंबईला टाटात जातो. तिथे तपासणी होते, फाइल तयार होते. परत आल्यावर पुढच्या तारखेला तो पोचला नाही, तर त्या फाइलवर ‘फॉलोअप नाही’ एवढंच राहतं. मेहकर किंवा संग्रामपूरच्या त्या माणसाचा एएफपी किती होता हे लॅबला माहीत असतं, तो किती दिवस जगला हे फक्त घरच्यांना, आणि या दोन गोष्टी एका कागदावर कधीच येत नाहीत. क्राफिटीचा मूळ हिशोब युरोपातल्या केंद्रांमधल्या १९० रुग्णांवर बसवलेला आहे. तो आपल्याकडच्या माणसाला, आपल्या मधुमेहासह आणि आपल्या अन्नासह, तसाच लागू पडतो का, हे ठरवायला असे काही शे जोडलेले कागद पुरे होतील.

ऑक्टोबर २०२४मध्ये राज्यातल्या ज्या दहा वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं त्यांत बुलढाण्याचं शासकीय महाविद्यालय आहे. तिथे पॅथॉलॉजीचा विभाग असेल, ब्लॉक साठतील, विद्यार्थी खेड्यापाड्यांत जातील. २०१८पासून चालू असलेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी या दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. त्यात नाव नोंदवलेल्या प्रत्येक सिऱ्होसिसच्या रुग्णाची एक वही करावी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी त्यात लिहावं, आणि तारीख चुकली तर आशाताईंनी त्याच्या घरी जाऊन विचारावं. हे काम पहिल्याच तुकडीच्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावं. ती मुलं डॉक्टर होऊन बाहेर पडतील तेव्हा त्या वह्यांत चार-पाच वर्षांची नोंद जमलेली असेल.